हिरेगुड्डावरची एकादशी

वेणूबाईंनी बूट घेतले, ही बातमी माळमड्डीत दुपारच्या चहाच्या आत घरोघरी पोचली. चपला नव्हेत, वहाणा नव्हेत, बूट. पांढरे, कॅनव्हासचे, नाड्यांचे, शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसले. आणि ते घ्यायला ही एकोणसाठ वर्षांची, नऊवारी नेसणारी, एकादशीला पाण्याचा थेंबही न घेणारी बाई धारवाडहून बसनं हुबळीला गेली होती. कोप्पीकर रोडवरच्या दुकानात स्टुलावर बसून तिनं तीन जोड पायात घालून पाहिले होते. सोबत शेजारच्या कुसुमावती होत्या. त्यांनीही एक जोड घेतला. दुकानदारानं विचारलं, "नातवासाठी का?" तर कुसुमावती म्हणाल्या, "नातवाचे पाय एवढे असतात होय? आम्हालाच हवेत. घाल की, नाडी बांधून दाखव."

याला कारण होती मालती. मालती हुबळीच्या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. कोप्पीकर रोडवर तिच्या भावाचं, रामचंद्रचं, कापडाचं दुकान होतं, पण हिचं लक्ष कापडात कधीच नव्हतं. ती हिमालयात जाऊन दोराला धरून डोंगर चढायचं शिक्षण घेऊन आली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच वेड होतं. चाळिशी उलटलेल्या बायकांना घरातून उचलायचं आणि चार दिवस रानात नेऊन ठेवायचं. "बसून बसून तुम्हाला आपल्याला पाय आहेत हेच आठवेना झालंय," असं तिनं धारवाडच्या महिला मंडळाच्या सभेत उभं राहून सुनावलं होतं. हळियाळच्या पलीकडे हिरेगुड्ड नावाचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी जंगलखात्याचा बंगला आहे. सोमवारी जायचं, गुरुवारी परतायचं. मंगळवारी मौन धरून झाडाखाली बसायचं, बुधवारी डोंगर चढायचा. चार दिवस घरचं काही बोलायचं नाही. नवऱ्याचं नाही आणि सुनेचं तर अजिबातच नाही. एवढं ऐकल्यावर निम्म्या बायका गळाल्या, कारण मग बोलायचं काय, हा प्रश्नच होता.

वेणूबाईंनी मात्र सर्वांत आधी हात वर केला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचा पाय मोडला होता आणि त्या पाच महिने अंथरुणाला खिळून होत्या. उठल्या त्या घर ते मठ आणि मठ ते घर एवढंच चालू लागल्या. त्यांचा मुलगा प्रभंजन बेंगळूरला सरकारी कारखान्यात अधिकारी होता. तो दर पत्रात एकच लिहायचा, अम्मा, आता एकटीनं राहणं पुरे, इकडे ये. त्याचंही चूक नव्हतं. पण वेणूबाई एकदा महिनाभर त्याच्याकडे राहून आल्या होत्या आणि त्या महिन्यात त्यांना खिडकीचे गज पाठ झाले होते. माळमड्डीत त्यांच्या दोन खोल्या होत्या, परसात पेरूचं झाड होतं, कोपऱ्यावर मठ होता. आणि एक कमरेएवढी भिंत होती, जिच्यावरून तीस वर्षं कुसुमावतींच्या घरच्या वाट्या इकडे आणि इकडच्या वाट्या तिकडे जात होत्या. हे सगळं बेंगळूरला कसं न्यायचं?

शेवटी नोव्हेंबरात प्रभंजन आला तेव्हा हिरेगुड्डाचं ऐकून हसला. म्हणाला, "अम्मा, तू हिरेगुड्ड चढून आपल्या पायानं खाली आलीस ना, तर मी जन्मात बेंगळूरचं नाव काढणार नाही. पण नाही चढलीस तर परतल्यावर लगेच शुक्रवारच्या गाडीनं माझ्याबरोबर यायचं. सामानासकट."

"कबूल," वेणूबाई म्हणाल्या. तो इतका निर्धास्त होता की जाताना शुक्रवारची दोन तिकिटं काढूनच गेला. वेणूबाईंना त्या तिकिटांचा जो राग आला, तो त्यांनी स्टेशनच्या जिन्यावर काढला.

स्टेशन माळमड्डीला लागूनच. तिथल्या पुलाचा जिना रोज पहाटे वेणूबाई आणि कुसुमावती चढू लागल्या. आधी एकदा, मग तीनदा, दिवाळीनंतरच्या त्या थंडीत अकरा वेळा. कुसुमावती वर्षानं मोठ्या, म्हणून वेणूबाई त्यांना कुसुमक्का म्हणायच्या. त्यांचे यजमान बाळाचार्य शाळेत संस्कृत शिकवायचे आणि घरात सगळ्यांना पंचांग शिकवायचे. जिना चढण्यात खरं तर कुसुमक्काच हौशी होत्या. वेणूबाई कठड्याला धरून धापा टाकायच्या तोवर त्या वर पोचून कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. हमाल बाबू रोज विचारायचा, "कुठली गाडी पाहिजे अम्मारे?" कुसुमक्का रोज सांगायच्या, "हिरेगुड्डाची!" बूट मात्र दोघींनी जिन्यावर घातले नाहीत. ते डोंगरासाठी कोरे राखून ठेवले होते.

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात, एका सोमवारी, सात बायका निघाल्या. मालती, वेणूबाई, कुसुमक्का, वकिलीणबाई वत्सला, बँकेतली सुलभा आणि दोघी जावा, ज्या घरी एकमेकींशी बोलत नसत आणि इथं मात्र बसमध्ये एकाच सीटवर बसल्या. हळियाळपासून पुढे जंगलखात्याचा ट्रक होता. ट्रकमध्ये उभं राहून जाताना वारा असा तोंडावर आला की वत्सलाबाई लहान पोरीसारख्या ओरडल्या. त्यांचं पाहून सगळ्याच ओरडल्या. वेणूबाईंना आपला आवाज एवढा मोठा आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यांनी पुन्हा एकदा ओरडून खात्री करून घेतली. बंगल्याच्या अंगणात उतरल्यावर समोर हिरेगुड्ड उभा होता, खाली सागवान, मध्ये बांबू आणि वर नुसता काळा खडक. त्याच्याकडे पाहताना वेणूबाईंच्या छातीत धडधडलं आणि ती धडधड भीतीची नव्हती, हे त्यांना चांगलंच कळलं. त्यांना तो डोंगर त्याच क्षणी चढायचा होता.

"बुधवारी," मालती म्हणाली. "उद्या एकादशी आहे. म्हणून मी मुद्दाम उद्याचा दिवस बसायचा ठेवलाय. कॅलेंडर बघून ठरवलंय सगळं." किती विचारी पोर, असं सगळ्यांना वाटलं.

मंगळवार उजाडला. वत्सलाबाईंनी उपासाची साबुदाण्याची खिचडी करायला घेतली, सुलभानं शेंगदाणे कुटले. वेणूबाई आणि कुसुमक्का माध्व वैष्णव, त्यांची एकादशी म्हणजे कडक, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दोघींनी आंघोळ करून तुळशीची माळ धरली आणि मालतीनं नेमून दिलेल्या झाडांखाली जाऊन बसल्या. दुपारपर्यंत मौन होतं. मालतीनं एकच काम दिलं होतं. "आपण कशाला भितो, ते शोधून काढा. कुणाला सांगायचं नाही." वेणूबाईंनी डोळे मिटले. वर फांदीवर एक शेकरू शेपूट झुलवत इकडून तिकडे जात होतं, खिचडीचा वास येत होता, जीभ टाळूला चिकटली होती आणि तरी त्यांना फार बरं वाटत होतं. पाच महिने अंथरुणात छताकडे बघून काढले होते त्यांनी. आज वर आभाळ होतं. कशाला भितो याचं उत्तर त्यांना तासाभरात सापडलं. मरणाला त्या भीत नव्हत्या. शुक्रवारच्या गाडीला भीत होत्या.

दिवेलागणीला कंदील लावल्यावर कुसुमक्कांनी पिशवीतून मठाचं पंचांग काढलं. उद्या पहाटे किती वाजता पारणं करायचं, म्हणजे उपास सोडून जेवायचं, ते बघायला. पान उलटलं, बोट ओळीवरून सरकलं आणि थांबलं. मग कुसुमक्का एवढ्या जोरात "अय्यय्यो!" म्हणाल्या की स्वयंपाकघरातून वत्सलाबाई झारा घेऊन धावत आल्या.

"काय झालं? साप?"

"सापाचं काय घेऊन बसलीस! आमची एकादशी आज नाहीच. उद्या आहे!"

आता हे ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगायला हवं. कधी कधी तिथी अशी येते की स्मार्तांची एकादशी एके दिवशी पडते आणि भागवतांची, म्हणजे माध्वांचीही, दुसऱ्या दिवशी. कॅलेंडरात दोन्ही छापलेल्या असतात, दोन चौकोनांत. रामचंद्रच्या दुकानातल्या कॅलेंडरात मालतीनं पहिल्या चौकोनात 'एकादशी' वाचलं आणि खूश होऊन ती वळली. शेजारच्या चौकोनात बारीक अक्षरात काय आहे, हे तिनं बघितलंच नाही. तिचं सोडा. चाळीस वर्षं पंचांग तोंडपाठ असलेल्या दोन बायकांनीसुद्धा एकदाही पान उलटून पाहिलं नव्हतं. बूट घ्यायच्या गडबडीत होत्या ना!

"म्हणजे आज आम्ही उगाचच..." वेणूबाई म्हणाल्या आणि त्यांना हसूच आवरेना. कुसुमक्काही हसायला लागल्या. दिवसभर न जेवता, न पिता, डोळे मिटून पुण्य साठवलं होतं आणि ते सगळं दशमीच्या दिवशी! मालती मात्र रडकुंडीला आली होती. "अक्का, माझीच चूक. डोंगर गुरुवारी ठेवला असता, पण गुरुवारी सकाळी सातला ट्रक येतोय."

मग वाद सुरू झाला. दशमीला एकच वेळ जेवायचं असतं. ती वेळ तर टळून गेली होती. आता दिवे लागल्यावर जेवावं की नाही? वत्सलाबाई म्हणाल्या, खा गुपचूप, भात आहे. कुसुमक्कांनी न्यायाधीशासारखा निकाल दिला, अन्न नाही, दूध आणि केळी चालतील, पाणी मात्र वाटेल तेवढं प्या. वेणूबाईंनी तीन पेले पाणी एका दमात पिऊन टाकलं. "उद्या निर्जळच चढायचं," कुसुमक्का म्हणाल्या. "प्राणदेव बघून घेईल. वर त्याचाच दगड आहे, बंगल्याचा वॉचमन सांगत होता." प्राणदेव म्हणजे हनुमान. वेणूबाईंनी मान डोलावली. अंथरुणात पडल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. एक दिवस उपाशी, दुसऱ्या दिवशी पाण्याशिवाय, आणि हा पाय.

बुधवारी पहाटे सगळ्या अंगणात जमल्या. धुकं होतं, बंगल्याच्या पडवीत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर वॉचमननं सहाचे टोले दिले. वेणूबाईंनी बूट घातले आणि नाड्या दोनदा बांधल्या. कुसुमक्का पायरीवर बसून होत्या. त्यांचे बूट शेजारी, तसेच पांढरे.

"घाल की लवकर, कुसुमक्का."

"गुडघा धरलाय गं."

"काय?"

"गुडघा. रात्रीपासून. वाकतच नाही." त्यांनी गुडघा चोळला. "तुम्ही जा. मी इथं नामस्मरण करीत बसते."

वेणूबाईंचा विश्वासच बसेना. स्टेशनचा जिना अकरा वेळा चढणारा गुडघा आणि आजच धरला? त्यांना वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. महिनाभर एकत्र चढून ऐनवेळी ही एकटं सोडते म्हणजे काय! पण कुसुमक्कांनी आत जाऊन आपला पितळी फिरकीचा तांब्या आणला, काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट बसवलेला. "वर प्राणदेवाच्या दगडावर माझ्या नावानं घाल. आणि पोचलीस की मालतीची शिट्टी दोनदा वाजव. मला कळेल." वेणूबाईंनी तांब्या झोळीत टाकला. चांगलाच जड होता.

पहिला तास सुखाचा गेला. वॉचमन मारुती कोयता घेऊन पुढे, मागे सहा बायका. सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती, दूर कुठंतरी वानरं ओरडत होती आणि दोघी जावा एकमेकींच्या पदराला लागलेले काटे काढून देत होत्या. वेणूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. "निधान री अम्मारे, निधान," म्हणजे सावकाश, सावकाश, असं मारुती पुन्हा पुन्हा सांगत होता, पण त्यांना सावकाश जायचंच नव्हतं. मोडलेला पाय चालत होता! तो दगडावर रोवला जात होता, अंग वर ढकलत होता, त्यांना त्या पायाचं कौतुक करावंसं वाटत होतं. प्रत्येक पावलाला त्या मनातल्या मनात प्रभंजनची तिकिटं तुडवत होत्या.

दुसऱ्या तासाला बांबू संपला आणि खडक लागला. ऊन आलं. वेणूबाईंचे ओठ फाटले, मग जीभ जाड झाली, मग पोटऱ्यांत गोळे आले. त्या एका दगडाशी थांबल्या आणि दगड जागच्या जागी हलायला लागला. डोळ्यांपुढे काळं आलं. सुलभानं त्यांना धरून खाली बसवलं.

मालती गुडघ्यांवर बसली. "अक्का, तोंड उघडा. जीभ दाखवा." तिनं पाहिलं. इतका वेळ हसरी असलेली मालती एकदम कडक झाली. "पाणी प्या, नाहीतर इथून मागे फिरा. मारुती तुम्हाला खाली पोचवेल. तिसरं काही नाही."

"अगं पण आज..."

"ठाऊक आहे मला. चूक माझी आहे. पण तुम्हाला पाण्याशिवाय मी वर नेणार नाही."

"प्या हो, देव काय म्हणणार आहे?" वत्सलाबाई म्हणाल्या. मालतीनं त्यांना गप्प केलं. "त्यांचं त्यांना ठरवू दे." आणि सगळ्यांना दहा पावलं पलीकडे नेऊन बसवलं. मारुती तेवढा जवळ राहिला. "नीरु कुडीरी अम्मारे," पाणी प्या म्हणून तो हळूच म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

वेणूबाई बसून राहिल्या. एकोणिसाव्या वर्षी सासूनं शिकवलेली ही एकादशी. विषमज्वरात डॉक्टर हात जोडून पाणी घ्या म्हणत होता, तेव्हा घेतलं नव्हतं. यजमान गेले तो दिवसही एकादशीचा होता, तेव्हाही नाही. सगळं आयुष्य दुसऱ्यांनी सांगितलं तसं काढलं, पण हा महिन्यातून दोनदा येणारा दिवस त्यांचा स्वतःचा होता. तो मोडायचा? आणि नाही मोडला तर? तर शुक्रवारची गाडी, खिडकीचे गज आणि रोज संध्याकाळी सुनेनं विचारायचं, आई, पाय दुखतो का. त्यांनी वर पाहिलं. माथा असा समोर होता की हात लांब केला तर लागावा.

देवाला काय सांगायचं ते त्यांना सुचलं. प्राणदेवा, तूही डोंगर उचललास, तुला कळेल. पण कुसुमक्कांना काय सांगायचं ते सुचेना. तीस वर्षं जिच्याबरोबर एकादश्या केल्या, तिच्या डोळ्यांसमोर तांब्याला हात कसा लावायचा? मग त्यांच्या ध्यानात आलं की कुसुमक्का इथं नाहीतच. तरीसुद्धा त्यांनी एकदा मागे वळून वाटेकडे पाहून घेतलं. वाट रिकामी होती.

मालतीनं दुरून आपली बाटली दाखवली. वेणूबाईंनी मान हलवली आणि झोळीतून फिरकीचा तांब्या काढला. झाकण फिरवलं, तांब्या उचलला आणि ओठ न लावता, वरून, घळाघळा पाणी घशात सोडलं. गार पाणी छातीतून खाली उतरताना कळत होतं. पाप वगैरे काही वाटलं नाही. आणखी तहान लागली. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि पुन्हा प्यायल्या. तांब्या अर्धा झाल्यावर झाकण लावून त्या उठल्या आणि पलीकडे बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "बसलात काय? चला की!"

माथ्यावर पोचल्या तेव्हा अकरा वाजले होते. वर वारा एवढा होता की सगळ्यांचे पदर फडफडत होते. खाली रानच रान, त्यात बंगल्याचं लाल छप्पर काडेपेटीएवढं. वत्सलाबाई खडकावर आडव्याच झाल्या. दोघी जावा एकमेकींना धरून रडत होत्या, कशाबद्दल ते त्यांचं त्यांना ठाऊक. वेणूबाई शेंदूर फासलेल्या दगडापाशी गेल्या, उरलेलं पाणी हळूहळू त्याच्यावर घातलं. "अर्धं मी प्यायले," त्या म्हणाल्या. "रागवायचं तर माझ्यावर रागव. कुसुमक्काला काही करू नको, तिचा गुडघा बरा कर." मग मालतीकडून शिट्टी घेतली आणि सगळा जीव एकवटून दोनदा वाजवली. पहिली थोडी फाटली, दुसरी खणखणीत गेली. आणि खालून, एवढ्या लांबून, उत्तर आलं. पडवीतला रुळाचा तुकडा कुणीतरी ठणाठण वाजवत होतं, थांबतच नव्हतं. "चढले!" वेणूबाई दरीकडे तोंड करून ओरडल्या. "कुसुमक्काऽऽ, मी चढले!" एवढा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

चारच्या सुमारास खाली आल्या तेव्हा कुसुमक्का फाटकात उभ्या होत्या. त्यांनी वेणूबाईंना पाहिलं, बुटांना लागलेली लाल माती पाहिली आणि गच्च मिठी मारली. पाण्याचं काही विचारलं नाही. वेणूबाईंच्या ओठांवर दोनदा आलं आणि परत गेलं. रिकामा तांब्या त्यांनी गुपचूप कुसुमक्कांच्या पिशवीत ठेवला.

गुरुवारी पहाटे पारणं करून ट्रक पकडला आणि दुपारी बसनं धारवाडला उतरल्या. स्टँडवर प्रभंजन उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, खिशातून दोन तिकिटं डोकावत होती. तो हसतच पुढे आला. "अम्मा, काल एकादशी होती ना आपली? काल सकाळी घरी ध्यानात आलं आणि म्हटलं, म्हणजे अम्मा काही चढली नसणार. बरं झालं म्हणा. सामान बांधायला संध्याकाळ आहे."

"चढली!" कुसुमक्का मध्येच कडाडल्या. "पाण्याचा थेंब न घेता चढली! शिट्टी मी ऐकली, या कानांनी."

मालती बुटांकडे बघू लागली. वेणूबाईंनी कुसुमक्कांकडे पाहिलं. जन्मात खोटं न बोललेली बाई आचार्यांच्या घरची, भर स्टँडवर, आपल्यासाठी डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देत होती.

"नाही रे, प्रभंजना," वेणूबाई म्हणाल्या. "चढले, पण पाणी पिऊन चढले. दोनदा प्यायले."

प्रभंजनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तू? एकादशीला?"

"मीच."

बाबा गेले त्या दिवशी शेजारणी पेला घेऊन मागे फिरत होत्या आणि हिनं तोंड उघडलं नव्हतं, ते त्याला आठवलं असावं. त्यानं तिच्या फाटलेल्या ओठांकडे पाहिलं, मातीनं लाल झालेल्या बुटांकडे पाहिलं. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुला एवढं राहायचंय इथं, अम्मा?"

"हो रे बाळा," वेणूबाई म्हणाल्या. "एवढं राहायचंय."

त्यानं तिकिटं खिशात खोल सारली आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. रिक्षा बोलावल्यावर म्हणाला, "घरी चल. काही खायला कर. मी सकाळपासून उपाशी आहे." त्यात बेंगळूरचं नाव नव्हतं.

शुक्रवारी त्याला गाडीवर पोचवायला वेणूबाई आणि कुसुमक्का स्टेशनवर गेल्या. गाडी पलीकडच्या फलाटावर होती. प्रभंजन बॅग घेऊन पुढे गेला. कुसुमक्का नवेकोरे पांढरे बूट घालून आल्या होत्या, जिन्याशी आल्या आणि नेहमीच्या सवयीनं खाड खाड पायऱ्या चढून वर जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

वेणूबाई अर्ध्या जिन्यातच थांबल्या. "कुसुमक्का, गुडघा?"

"कुठला?" कुसुमक्का म्हणाल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

वेणूबाई उरलेल्या पायऱ्या हळूहळू चढल्या. जवळ गेल्या. "तुला चढायचं होतं," त्या एवढंच म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त."

"होतंच की. पण मी समोर बसलेली असते तर तू तांब्याला हात लावला असतास?"

वेणूबाईंनी खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग? दगडावर घालायला कुणी एवढा मोठा तांब्या भरून देतं होय? दगडाला पळीभर पुरतं." कुसुमक्कांनी पदरानं नाक पुसलं. "तू बेंगळूरला गेली असतीस तर मी वाट्या कुणाकडे पाठवल्या असत्या, सांग. भिंतीकडे बघत बसले असते."

खाली गाडीनं शिट्टी दिली. प्रभंजन खिडकीतून हात हलवत होता आणि दोघी एकमेकींचे हात धरून पुलावरूनच हात हलवत होत्या. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघी हसत होत्या. गाडी वळणाआड गेली. वेणूबाईंनी डोळे पुसले, वाकून बुटाची नाडी घट्ट केली.

"चल, खाली उतर. आजपासून पुन्हा अकरा वेळा. पुढच्या थंडीत हिरेगुड्डावर तू पुढे आणि मी मागे."

"येते की," कुसुमक्का म्हणाल्या. "पण आधी पंचांग बघ."